गुरो, मुखा, आसा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आयोजकांनी मला सांगितलं, "तू फिलिपिन्सला डॉक्टरकी शिकून आलीस, तर तिकडचं काहीतरी सांग." दहा मिनिटं दिली आहेत. परिपाठात सुविचार सांगायला एकच मिनिट मिळायचं, त्या मानानं ही मोठी बढती आहे.

सुरुवात गुरुजनांपासून करते. फिलिपिनो भाषेत शिक्षकाला 'गुरो' म्हणतात. चेहऱ्याला 'मुखा' आणि आशेला 'पाग-आसा'. यातला 'आसा' म्हणजे आपली आशाच. मी दावाओला राहत होते. तिथे रोजच्या बोलण्यात बिसाया भाषा असते, पण फिलिपिनो सगळ्यांना येते. पहिल्या महिन्यात कोणाचंच काही कळत नव्हतं, तेव्हा हे तीन शब्द कानावर पडले आणि जरा धीर आला.

हे शब्द तिकडे पोचले कसे? लगुना प्रांतात १९८९ च्या सुमारास एक ताम्रपट सापडला. तो आता मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. फिलिपिन्समधला तारीख असलेला हा सर्वांत जुना लेख मानतात. त्याची सुरुवातच अशी आहे : शके ८२२, वैशाख महिना, कृष्ण पक्षातली चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. आपल्या घरात भिंतीवर टांगलेल्या पंचांगात जो शक असतो, तोच हा. ज्या शालिवाहनाच्या नावानं आपण तो ओळखतो, त्याचं पैठण आपल्याच जिल्ह्यात. आपल्या तालुक्याला समुद्र नाही, पण शाळेच्या सहलीत अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात सरांनी आपल्याला तीन डोलकाठ्यांचं जहाज दाखवलं होतं, आठवतं? व्यापारी समुद्रापार जायचे, भाषाही त्यांच्याबरोबर बेटाबेटांवरून पुढे जायची. ते चित्र पाहताना आपल्यापैकी बहुतेकांचं लक्ष डब्याकडे होतं. मला ते दावाओच्या बंदरावर उभी असताना नीट कळलं.

आता सणांबद्दल. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी होते. बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावायचं आणि कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, रंगवलेली शिंगं, तोरणाखालची मंगलाष्टकं, पुरणपोळीचा घास. हे सगळं जगात फक्त आपल्याकडेच असतं, असं मला वाटायचं.

मनिलाजवळ बुलाकान प्रांतात पुलिलान नावाचं गाव आहे. माझ्या वर्गातली एक मैत्रीण तिकडची. तिनं मे महिन्यात घरी नेलं. १५ मे हा शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याचा दिवस, आणि आदल्या दिवशी रेड्यांची मिरवणूक असते. त्या रेड्याला ते काराबाव म्हणतात. भातशेतीचा चिखल तोच तुडवतो. त्या दिवशी त्याला घासून धुतात, तेल लावतात, फुलांनी सजवतात. मिरवणूक चर्चसमोर आली की एकेक रेडा पुढचे पाय दुमडून गुडघ्यावर बसतो. मैत्रिणीच्या आजोबांनी रेड्याच्या मानेवरून हात फिरवला, तो अगदी माझ्या आजोबांसारखा. भाषा वेगळी, देव वेगळा, हात तोच.

मी तिथे रडले, हे मैत्रिणीला कळेना. कारण असं होतं. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी आबांनी शेतीवर कर्ज काढलं. दुसऱ्या वर्षी गोठ्यातली जोडीही गेली. फोनवर मला कोणी सांगितलं नाही. पोळ्याला आईनं फोटो पाठवला, त्यात पाटावर मातीचे बैल होते. तेव्हा समजलं.

आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी पोळ्याला मातीचेच बैल असतात. ट्रॅक्टर आला, मका वाढली, चारा आणि सालगडी दोन्ही महाग झाले. यात कोणाचा दोष नाही, आणि आबांच्या निर्णयावर तर मी उभी आहे. पण सण ज्याचे उपकार मानतो, तोच गोठ्यात नसेल तर पुढच्या पिढीला काय सांगायचं, हा प्रश्न माझ्यापुढे तेव्हापासून आहे.

त्याचं थोडं उत्तर दावाओत मिळालं. तिथे ऑगस्टमध्ये कादायावान नावाचा सण असतो, म्हणजे साधारण आपल्या पोळ्याच्याच दिवसांत. पीक हाती आलं म्हणून निसर्गाचे आभार मानायचा हा सण. त्या भागातले आदिवासी आणि मुस्लिम समूह आपापल्या पोशाखात त्यात असतात. आपल्या वर्गात ईदला शीरखुर्म्याचा डबा फिरायचा आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळ्यांना बोलावणं असायचं, त्याची आठवण आली. पण एक गोष्ट नवीन होती. शहराबाहेर, मलागोसला, फिलिपिनी गरुडाचं केंद्र आहे. हा जगातल्या सर्वांत मोठ्या गरुडांपैकी एक, आणि नामशेष होण्याच्या काठावर. जोडी साधारण दोन वर्षांतून एकच अंडं घालते, आणि तिला हजारो हेक्टर जंगल लागतं. १९९२ साली माणसाच्या देखरेखीखाली पहिलं पिल्लू जन्माला आलं. त्याचं नाव ठेवलं पाग-आसा. तो २०२१ मध्ये गेला, २८ वर्षं जगला. त्या लोकांनी केवळ गरुडाचं कौतुक केलं नाही, एकेका अंड्यासाठी वर्षानुवर्षं राबले. आभार मानणं म्हणजे सांभाळणं, एवढं मी तिथून घेऊन आले.

आपल्याकडे सांभाळण्यासारखं काय आहे? आपला अजिंठ्याचा डोंगर. भूगोलाच्या तासाला शिकलो होतो, या डोंगरावर पडलेला थेंब उत्तरेला उतरला तर वाघूर नदीतून तापीला जातो, दक्षिणेला उतरला तर पूर्णेतून गोदावरीला. म्हणजे दोन मोठ्या नद्यांचं पाणी आपल्या उशाशी वाटलं जातं. आणि मे महिन्यात आपण टँकरची वाट पाहतो.

पालकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण गावात मला रोज कोणीतरी विचारतं. मुलांना बाहेरदेशी डॉक्टरकीला पाठवायचं असेल तर एजंटच्या शब्दावर जाऊ नका. नोव्हेंबर २०२१ पासून नियम बदलले. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथेच हवी. परत आल्यावर ३०० गुणांची परीक्षा असते, त्यात १५० मिळाल्याशिवाय इथे प्रॅक्टिस करता येत नाही. हे आधी कागदावर तपासा, मगच जमिनीचा सातबारा बाहेर काढा.

शेवटचं. आपल्याकडे पेरणी-नांगरणीला अडलेल्या माणसाच्या शेतात सगळे आपापलं औत घेऊन जायचे, त्याला इरजिक म्हणायचे. मजुरी नाही, फक्त जेवण. फिलिपिन्समध्ये यालाच बायानिहान म्हणतात. तिथे शेजारी बांबूवर अख्खं घर उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवायचे. मला परदेशात कोणी मोठं केलं असेल तर या दोन शब्दांनी. आजारी पडले तेव्हा तिकडच्या मैत्रिणींनी पाळीपाळीनं रात्र काढली, आणि कोरोनात वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा आपल्याच वर्गातल्या एकानं स्वतःचा लॅपटॉप आणून दिला. तो इथेच बसलाय, नाव घेऊ नको म्हणालाय.

म्हणून माझी एक विनंती आहे. या बॅचची एक इरजिक करू या. पावसाळ्याच्या तोंडावर एक रविवार, शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत पळस, कडुलिंब, चिंच अशी चाळीस झाडं. लावण्याचा फोटो नको. तीन उन्हाळे पाणी घालायची पाळी प्रत्येकानं आज नावानिशी लिहून द्यावी. वही मी आणली आहे, बाहेर चहाच्या टेबलावर ठेवते. पहिल्या उन्हाळ्यातल्या पहिल्या आठवड्यात माझं नाव लिहिलंय.