सांडलेल्या पाण्याचा हिशेब

(चौसाळा, जि. बीड येथे बचत गटांतील महिला व कार्यकर्त्या यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



बीड जिल्ह्यात बायांपुढे पाण्यावर बोलायचं म्हणजे घरात आणायच्या पाण्यावर बोलायचं, असा रिवाजच पडला आहे. टँकर, हंडे, विहिरीचा उघडा पडलेला तळ. ते सगळं खरं आहे आणि त्यासाठी आपण पुष्कळ मोर्चे काढले आहेत. आज मात्र मी घरातून बाहेर जाणाऱ्या पाण्याबद्दल बोलणार आहे. मोरीतून, न्हाणीतून, भांड्यांच्या दगडावरून जे वाहत जातं, त्या सांडपाण्याबद्दल. तुम्ही म्हणाल, प्यायला पाणी नाही आणि ही बाई गटाराची गोष्ट काय काढते? पण या दोन गोष्टी एकच आहेत, आणि दोन्हींत बाईचा वाटा आणि बाईचा अधिकार यांचा मेळ बसत नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

सांडपाण्याचा 'पुनर्वापर' हा शब्द कागदावर आता आला. दुष्काळातल्या बाईला ती गोष्ट नवीन नाही. भाजी धुतलेलं पाणी झाडाला, कपडे खळबळलेलं पाणी अंगण-न्हाणी धुवायला, आणि अगदीच ओढ लागली तर बाजेवर बसून आंघोळ आणि बाजेखाली घमेलं. मोरीच्या तोंडाशी अळू, कर्दळ नाहीतर केळ लावायची रीत आपल्या आज्यांची. एक हंडा पाणी तीन कामांना कसं पुरवायचं, हे ठरवणारं डोकं बाईचंच असतं. पण या ज्ञानाला कोणी ज्ञान म्हणत नाही. 'काटकसर' म्हणतात, आणि काटकसर हा बाईचा धर्मच मानलेला असल्यामुळे तिची मोजदाद होत नाही.

आपण मोजदाद करू. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं ठरवलं. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. त्यातलं साधारण दोन तृतीयांश पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडतं, म्हणजे घरामागे सुमारे १८० लिटर. हजार घरांच्या गावातून रोज एक लाख ऐंशी हजार लिटर. बारा हजार लिटरचा टँकर धरला तर पंधरा टँकर! नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा प्रत्यक्ष आकडा कमी भरेल. निम्मा धरा, तरी सात-आठ टँकर होतात. जिथे एका टँकरसाठी आपण तहसील कचेरीपुढे बसतो, तिथे एवढं पाणी रस्त्यावर डास वाढवत पडलेलं असतं.

हे पाणी असतं कसलं? दोन प्रकार नीट वेगळे ओळखायला हवेत. आंघोळीचं, धुण्याभांड्याचं पाणी हे साधं सांडपाणी. त्यात साबण, तेल, माती, खरकटं असतं. संडासातून येतं ते मैलापाणी. त्यात कॉलरा, कावीळ, हगवण, जंत या सगळ्यांचं बी असतं. पहिलं पाणी घराच्या पातळीवर निस्तरता येतं. दुसरं तसं उघड्यावर वापरायचं नसतं, कच्च्या खायच्या भाजीला तर कधीच नाही. घरात ही दोन पाणी वेगळी असतात. आपणच ती एका गटारात सोडतो आणि मग सगळंच पाणी मैल्याचं होतं.

शहरात ते स्वच्छ करतात ते असं: आधी जाळीतून गाळायचं, मग मोठ्या टाक्यांत निवळू द्यायचं, मग हवा खेळवून त्यातल्या सूक्ष्म जिवाणूंकडून घाण खाऊन घ्यायची, शेवटी क्लोरीनसारखं औषध टाकून जंतू मारायचे. तळाशी गाळ उरतो, त्याचीही वेगळी व्यवस्था लागते. यात चमत्कार काही नाही. नामिबिया देशात विंडहूक नावाचं शहर आहे, आपल्यासारखंच कोरड्या मुलखातलं. तिथे १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळतात. म्हणजे प्रश्न तंत्राचा उरलेला नाही. प्रश्न आहे तो खर्च कोणासाठी करायचा, आणि पाणी स्वच्छ झाल्यावर ते कोणाचं, हा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांतून रोज सुमारे ७,२३७ कोटी लिटर सांडपाणी निघत होतं आणि त्यातलं प्रत्यक्षात शुद्ध होत होतं २,०२४ कोटी लिटर. शंभरातलं अठ्ठावीस. एकट्या महाराष्ट्राचं सांडपाणी रोज ९११ कोटी लिटर. जे शुद्ध होत नाही ते नदीत जातं आणि खालच्या गावाच्या हंड्यात येतं. बालाघाटच्या या पठारावरचं बरंचसं पाणी दक्षिणेला मांजरेला मिळतं. मांजरेवर केज तालुक्यात धनेगावला धरण आहे. लातूर शहर त्यावर पाणी पितं. ते धरण कोरडं पडलं तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं आणि सगळ्या देशाने ते दूरदर्शनवर पाहिलं. पण मिरजेचं पाणी येण्याआधी लातूरच्याच मोऱ्यांतून दर वर्षी किती पाणी वाहून गेलं, हा प्रश्न त्या गर्दीत फारसा कोणी विचारला नाही.

पुनर्वापराची नावाजलेली उदाहरणं महाराष्ट्रात आहेत. नागपूरला भांडेवाडीत शहराचं मैलापाणी शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देतात. त्या योजनेची क्षमता रोज १३ कोटी लिटरची. वीज केंद्राला लागणारं तेवढं गोडं पाणी त्यामुळे वाचतं. २०१६ च्या केंद्राच्या वीजदर धोरणाने तर मैलापाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना हे पाणी वापरणं बंधनकारकच केलं. चांगलं आहे, व्हायलाच हवं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. घाण असतं तोवर हे पाणी बाईच्या दारात असतं. स्वच्छ झालं, त्याला किंमत आली, की त्याचे करार होतात. ते करार करणाऱ्यांत वस्तीतली बाई नसते. वाचलेलं गोडं पाणी नेमकं कोणत्या वस्तीच्या नळाला गेलं, हे विचारायचा हक्क तिला कोणी दिलेला नाही.

आता उद्योगाकडे या, आणि आपल्याच उद्योगाकडे. उसात साधारण सत्तर टक्के पाणीच असतं. टनभर ऊस गव्हाणीत पडला की सातशे लिटर पाणी कारखान्यात आलं. रस आटवताना त्यातल्या बऱ्याचशा पाण्याची वाफ होते, ती थंड करून पाणी परत मिळतं आणि कारखान्यातच फिरवून वापरता येतं. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याप्रमाणे दूषित पाणी प्रक्रिया न करता बाहेर सोडता येत नाही. म्हणजे पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवण्याचं शास्त्र तिथे आहे. पण तो ऊस तोडणारी आपली बाई कोपीत राहते. तिला पहाटे अंधारात आडोसा शोधावा लागतो. पाळीच्या दिवसांत कपडा धुवायला पाणी नाही, तो वाळवायला जागा नाही. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती गोळा केली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. याला कारणं पुष्कळ आहेत: उचल आहे, मजुरी बुडण्याची धास्ती आहे, वेळेवर न मिळणारे उपचार आहेत. पण अंग धुवायला पाणी नसल्यामुळे पांढरं जाण्याचा, खाजेचा, जंतुसंसर्गाचा त्रास अंगावर काढत राहणं, हे त्या साखळीतलं कोणीही पाहू शकेल असं एक कडं आहे. कारखान्यात पाणी फिरवून वापरता येतं, तर टोळीच्या तळावर न्हाणीघर, संडास आणि नळ का होऊ शकत नाही?

आणि हे साफ कोण करतं? गावाचं गटार उताराने जातं, आणि आपल्याकडच्या कितीतरी गावांत उताराच्या टोकाला दलित वस्ती असते. हा नुसता भूगोल नाही. २० मार्च १९२७ ला महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते चांगल्या पाण्यावरचा हक्क सांगण्यासाठी. त्याला शंभर वर्षं होत आली आणि वाईट पाण्याची वाटणी अजून जातीवरच चालू आहे. संडासाची टाकी उपसायला सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवलं. तरी मे २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथे टाकी साफ करताना पाच कामगारांचा जीव गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. पण भरपाईचे कागद घेऊन कचेरीत फिरते ती मागे राहिलेली बायकोच. म्हणून शौचालय बांधताना दोन शोषखड्ड्यांचं बांधा, असा आग्रह आपण धरायचा. एक भरला की दुसरा सुरू करायचा. पहिला वर्ष-दीड वर्ष बंद ठेवला की आतल्या मैल्याचं खत होतं. मग मैला भरल्या टाकीत कोणाला उतरावं लागत नाही.

साध्या सांडपाण्याचं काय करता येतं, ते आपल्या मराठवाड्यातच पाहायला मिळतं. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले. उघड्यावरचं पाणी बंद झालं आणि डासही हटले. पुढे हे काम रोजगार हमीतून नांदेड जिल्ह्यात पसरलं. खड्डा साधा असतो. चार फूट लांब, रुंद आणि खोल, मधोमध भोकं असलेली टाकी, भोवती दगड. टाकीत गाळ बसतो आणि पाणी दगडांतून जमिनीत मुरतं. पण जशीच्या तशी नक्कल करू नका. आपल्याकडे काळी चिकण माती असेल तिथे पाणी लवकर मुरत नाही, आणि खाली कातळ वर आला असेल तर खड्डा तुंबतो. विहीर, हातपंप जवळ असेल तर तिथे खड्डा घ्यायचाच नाही. अशा ठिकाणी पाणी परसबागेला द्यावं, नाहीतर वस्तीचं पाणी एकत्र करून निवळण टाकीतून कर्दळ, पाणकणीस लावलेल्या वाफ्यात सोडावं. या वनस्पतींच्या मुळांपाशी जिवाणू वाढतात आणि पाण्यातली घाण खातात. वाफ्यातून निघालेलं पाणी झाडांना, चाऱ्याला, बांधकामाला चालतं.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. खड्ड्यातला गाळ काढणं, वाफा साफ ठेवणं हे काम 'बचत गटाच्या बाया करतील' म्हणून आपल्या गळ्यात फुकट पडतं. मी काम करते त्या भागातल्या एका गावात असंच झालं. योजना पुरुषांनी आखली, गुत्तं पुरुषाने घेतलं आणि देखभालीचा ठराव आला तेव्हा सगळ्यांना बायांची आठवण झाली. स्वच्छता हा बाईचा गुण आहे म्हणून तिची मजुरी द्यायची नाही, हे आपण मान्य करायचं नाही.

पैसा नाही, असं ग्रामपंचायतीत ऐकवलं जाईल. २०२० मध्ये मंजूर झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याच्या कामासाठी पाच हजार लोकवस्तीपर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपयांपर्यंत तरतूद ठरली. आपल्या गावाच्या नावाने काय मंजूर झालं, किती खर्ची पडलं, हे विचारणं हा आपला हक्क आहे. महाराष्ट्राच्या कायद्याने नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. पुष्कळ गावांत ही महिलासभा रजिस्टरवर होते, सह्या घरी येतात. ती सही आपण करायची नाही. सभा भरवायला लावायची आणि तिथे पाच प्रश्न विचारायचे:

आपल्या गावाचं सांडपाणी शेवटी कुठे जातं, आणि कोणाच्या दारात?
गटाराचा, खड्ड्याचा नकाशा कोणी ठरवला, त्यात कोणत्या बाईला विचारलं?
साफसफाई कोण करणार, आणि तिला किंवा त्याला मजुरी, हातमोजे, गमबूट कोण देणार?
शुद्ध झालेलं पाणी कोणाला मिळणार? ज्याची विहीर आणि मोटर आहे त्यालाच, की भूमिहीन आणि एकट्या बाईच्या परसबागेलाही?
ऊसतोडीला गेलेल्या घरांचं मत घेतलं का, की सभा मुद्दाम त्यांच्यामागे उरकली?

शेवटचा प्रश्न चौसाळ्याच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. दिवाळीनंतर निम्मी वस्ती कोयत्यावर जाते, आणि ठराव नेमके त्याच महिन्यांत होतात.

पाणी भरण्याचं काम बाईचं, असं ज्यांनी ठरवलं त्यांनी पाण्याच्या कारभारात तिला घेतलं नाही. आता सांडपाण्याचा कारभार नव्याने उभा राहतो आहे. त्याच्या योजना, करार, किमती ठरत आहेत. अजून सगळं पक्कं झालेलं नाही, तोवरच आपण तिथे जाऊन बसलं पाहिजे. पुढची महिला ग्रामसभा कधी आहे, एवढं उद्या ग्रामसेवकाला विचारा, आणि तारीख आपल्या गटाच्या वहीत लिहून ठेवा.