‘येतो’ आणि ‘यावें’ : फारसी क्रियापदाची हुकमत

फारसीचें मराठीवरील ऋण मोजावयाचें म्हटलें कीं आपण शब्दांची यादी काढतों. माधवराव पटवर्धनांचा फारशी-मराठी कोश १९२५ सालीं निघाला, तेव्हांपासून ती यादी हाताशींच आहे. परंतु शब्द ओळखीचे म्हणून वाक्यहि कळलें, असें समजण्यांत धोका असतो.

मीं तो पत्करला आहे. मुंबईंतील एका इराणी दुकानदाराचे वडील बंधु तापानें पडले होते. डॉक्टरांना वर्दी देऊन मी परतलों व नव्यानें शिकलेल्या फारसींत ऐटीनें म्हणालों, ‘डॉक्टर गोफ्त के बियायद.’ झालें! दुकानदारानें बंधूंना शालींत गुंडाळून टॅक्सींत घातलें आणि दवाखाना गांठला. इकडे डॉक्टर दुकानाच्या दाराशीं उभे. मला म्हणावयाचें होतें ‘मीआयद’, म्हणजे ‘येतो’. मीं म्हटलें ‘बियायद’, म्हणजे ‘यावें’. डॉक्टर येत असल्याचा निरोप रोग्याला आज्ञा होऊन पोंचला. कर्ता फारसींत बहुधा अध्याहृतच असतो. तेव्हां दुकानदारानें तरी दुसरें काय समजावें?

ही सारी हुकमत मुख्य क्रियापदाच्या अर्थाची आहे. जाणणें, पाहणें अशा क्रियापदांमागून गौण वाक्यांत निश्चयाचें रूप येतें: ‘मीदानम के मीआयद’, तो येतो हें मला ठाऊक आहे. इच्छा, भय, आज्ञा यांमागून मात्र ‘बि’ अथवा ‘बे’ लागलेलें रूप हवें: ‘मीखाहम बियायद’, त्यानें यावें अशी माझी इच्छा आहे. ‘मला जावयाचें आहे’ एवढ्यासाठींहि इराणी मनुष्य ‘मीखाहम बेरवम’, मी इच्छितों कीं मीं जावें, असें दुहेरी वाक्य बोलतो! ‘सांगणें’ हें क्रियापद दोन्ही दरबारांत वावरणारें. आपल्या मराठींतहि ‘येतो असें सांगितलें’ आणि ‘यावें असें सांगितलें’ हा भेद आहेच. ‘मला वाटतें’ याला निश्चयाचें रूप चालतें. तेंच ‘मला वाटत नाहीं’ झालें, खात्री डळमळली, कीं बहुधा ‘बियायद’ पुढें येतें.

विसरण्याची गंमत तर याहून मोठी. ‘यादम रफ्त के दर रा बस्ते-अम’ म्हणजे दार लावल्याचें मी विसरलों. फार तर जिना पुन्हा चढावा लागेल. ‘यादम रफ्त दर रा बेबन्दम’ म्हणजे दार लावावयाचेंच विसरलों!

बंधूंचा ताप पुढें उतरला. दुकानदार मात्र माझ्याकडून कोणताहि निरोप घेण्यापूर्वीं अजून विचारतो, “साहेब, ‘मी’ कीं ‘बि’?”