जिगरची मुकी तक्रार
(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आपण घरात ज्याला जिगर किंवा कलेजा म्हणतो, त्यालाच शाळेच्या पुस्तकात यकृत म्हणतात. हा अवयव फार सोशिक आहे. इजा झाली तरी लवकर तक्रार करीत नाही, आणि खरा धोका तोच आहे.

तापावरची पॅरासिटामॉलची गोळी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. योग्य प्रमाणात ती सुरक्षित असते. तिचा थोडा अंश यकृतात विषारी बनतो. पण तेथील ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य ते विष निकामी करते. गोळ्या फार झाल्या की हे द्रव्य संपते. मग विष पेशींवरच तुटून पडते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी उग्र द्रव्ये साचू लागतात. मात्र पहिल्या दिवशी रोग्याला मळमळीखेरीज विशेष काही जाणवत नाही.

हे न दिसणारे कसे पाहावे? काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देतात. 1852 साली स्टोक्स या शास्त्रज्ञाने या गुणाला फ्लुओरेसन्स हे नाव दिले. 2004 साली अमेरिकेत बर्कली येथे क्रिस्टोफर चँग व सहकाऱ्यांनी अशा एका रंगद्रव्याला बोरॉनचे जणू कुलूप घातले. हायड्रोजन पेरॉक्साइड भेटताच कुलूप गळते आणि द्रव्य हिरवे उजळते. पुढे अशाच प्रकारच्या द्रव्यांनी प्रयोगशाळेतील उंदरांच्या यकृताची इजा पाहता येऊ लागली. माणसांच्या बाबतीत मात्र डॉक्टर आजही मुख्यतः रक्ततपासणीवरच अवलंबून असतात.

म्हणजेच आपल्या घरात असा दिवा नाही. तेथे सावधगिरी हाच दिवा.

पालकहो, निरोगी प्रौढासाठीही दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या 8 गोळ्या आहे. मुलांचे प्रमाण वजनावरून डॉक्टरांनीच ठरवावे. सर्दीच्या अनेक औषधांतही पॅरासिटामॉल असते, म्हणून वेष्टन वाचा. वडीलधाऱ्यांना वाचता येत नसेल, तर मुलांनी वाचून दाखवावे. शिक्षणाचा याहून मोठा उपयोग कोणता?

आणि मुलांनो, जास्त गोळ्या पोटात गेल्या, तर घरचे रागावतील म्हणून लपवू नका. पालकांनीही आधी रुग्णालय गाठावे. रागवायला पुढे वेळ आहे. ॲसिटिलसिस्टीन हे औषध ग्लुटाथायोनची भरपाई करते. पहिल्या 8 तासांत मिळाले तर यकृत बहुधा वाचते. त्रास होण्याची वाट पाहू नये.

शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे. ती सांभाळण्याची बुद्धी आपणा सर्वांस लाभो, एवढी दुआ करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.