गोलंदाजाचा भाव आणि त्याचे मोल

इचलकरंजीच्या माणसाला सुताच्या भावाविषयी कुणी शिकवायला नको. कापडाची ऑर्डर हातात आहे, माग थांबायच्या बेतात आहेत आणि घरात सूत नाही, अशा वेळी व्यापारी सांगेल तो भाव द्यावा लागतो. त्याच काउंटचे सूत कधी कधी पंधरा दिवसांनी स्वस्त मिळते. सूत तेच असते. आपली नड सरलेली असते. आयपीएलच्या लिलावात गोलंदाजांचे असेच होते.

करार संपला की खेळाडू मोकळा होतो आणि त्याचे नाव लिलावात येते. प्रत्येक संघाने किती खर्च करायचा, याची मर्यादा ठरलेली असते. नावे गटागटाने पुकारली जातात. सुरुवातीला सगळ्यांच्या थैल्या भरलेल्या असतात, शेवटी त्या आटतात. म्हणून नाव कधी पुकारले जाते आणि त्या क्षणी किती जणांना नड आहे, यावर बोली चढते.

जयदेव उनाडकटचे उदाहरण घ्या. २०१७ साली पुण्याच्या संघाने त्याला ३० लाखांना घेतले. त्याने १२ सामन्यांत २४ बळी घेतले, म्हणजे एका बळीला सव्वा लाख. पुढच्याच वर्षी राजस्थानने त्याच्यासाठी साडेअकरा कोटी मोजले. बळी मिळाले ११. एकेक बळी कोटीच्या वर गेला. राजस्थानने किंमत दिली ती आदल्या वर्षीच्या बळींची, आणि ते तर पुण्याच्या खात्यात जमा होऊन गेले होते!

मग स्वस्त तेच घ्यावे काय? तसेही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कोलकात्याने मिचेल स्टार्कला पावणेपंचवीस कोटींना घेतले. पहिल्या दोन सामन्यांत त्याने शंभर धावा दिल्या, बळी एकही नाही. लोक हसले. पण बाद फेरीचा पहिला सामना आणि अंतिम सामना, दोन्हींत सामनावीर तोच ठरला आणि कोलकात्याने २०२४ चा करंडक जिंकला. पुढच्या लिलावात मात्र दिल्लीने त्याला पावणेबारा कोटींना, म्हणजे निम्म्याहून कमी भावात घेतले. त्याच लिलावात बंगळूरने जोश हेझलवूडला साडेबारा कोटी दिले. आदल्या लिलावात त्याला कुणीच घेतले नव्हते. २०२५ मध्ये त्याने २२ बळी घेतले आणि बंगळूर प्रथमच विजेते झाले.

आता आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरविषयी. २०२२ मध्ये त्याला पावणेअकरा कोटी मिळाले होते. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात त्याच्यावर कुणीही बोली लावली नाही. त्याने इंग्लंडमध्ये कौंटी क्रिकेट खेळण्याचा करार केला आणि मुंबईसाठी रणजी खेळत राहिला. मार्चमध्ये लखनौचा मोहसीन खान जायबंदी झाला आणि त्याच्या जागी शार्दूलला दोन कोटींना बोलावणे आले. दुसऱ्याच सामन्यात त्याने हैदराबादविरुद्ध ३४ धावांत ४ बळी घेतले.

आपल्या गावातही संध्याकाळी मैदानावर चेंडू घेऊन धावणारी मुले आहेत. त्यांच्या आईवडिलांना एवढेच सांगेन, की बोली लागली नाही म्हणजे मुलगा नापास झाला, असे समजू नका. त्या नोव्हेंबरनंतर शार्दूलने सराव सोडला असता, तर मार्चमधल्या बोलावण्याचा त्याला काय उपयोग झाला असता?

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)