वावर, इमान आणि नोटीस



आमच्या वऱ्हाडातल्या जुन्या माणसांच्या तोंडी 'वि' काही टिकत नाही. विठ्ठलाचा इठ्ठल होतो, विहिरीची इहीर होते आणि विमानाचं इमान होतं. वावराचा 'वा' मात्र कुणी सोडत नाही, ते वावरच राहतं. आमच्या घरी उर्दू आणि वऱ्हाडी एकाच चुलीवर शिजायच्या. त्यामुळं गल्लीत कुणी 'इमान आलं रे' म्हणून ओरडलं की आम्ही पोरं आभाळाकडं पाहायचो आणि घरातली मोठी माणसं हसायची. त्यांच्या लेखी इमान म्हणजे दिलेल्या शब्दाला जागणं. आज विमानतळाच्या विस्ताराविषयी बोलायचं ठरवलं, तेव्हा हे दोन्ही अर्थ माझ्यासमोर येऊन बसले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी विमानाच्या विरोधात नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, तेव्हा मलाही आनंद झाला. तिथली धावपट्टी १३७२ मीटरची होती, ती १८५० मीटर करावी लागली, तेव्हा कुठं सत्तर-बहात्तर आसनांचं विमान उतरू लागलं. आजारी माणसाला मुंबईला न्यायचं असेल, नोकरीच्या मुलाखतीला पोराला वेळेत पोचायचं असेल, तर विमानाचं मोल कळतं. अर्थात मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी आमची शकुंतला बंद पडली, तेव्हा एवढे मंडप पडले नव्हते. तिच्यात बसणारा माणूस वेगळा होता, एवढंच.

अकोल्याची कहाणी बेलोऱ्यापेक्षा जुनी आहे. शिवणीची धावपट्टी १९४३ सालची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. लांबी सुमारे १४०० मीटर. ती १८०० मीटर करावी म्हणून अकोलेकरांनी किती निवेदनं दिली, किती मोर्चे काढले, त्याचा हिशेब ठेवणारा एखादा कारकून वेगळा नेमावा लागेल. आणि वाढ अडली कशात? तर शेजारच्या जमिनीत. ती जमीन डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची. हे विद्यापीठही अकोल्याला कुणी ताटात वाढून दिलं नव्हतं. त्यासाठी १९६७ साली आंदोलन झालं, माणसांनी जीव दिले, तेव्हा १९६९ साली ते उभं राहिलं. आता त्याच गावाला विमानतळ हवा होता आणि विद्यापीठाला आपली संशोधनाची शेतं सोडवत नव्हती. मला त्यात विद्यापीठाची चूक दिसत नाही. ज्या मातीत वर्षानुवर्षं बियाण्याच्या चाचण्या घेतल्या, ती माती ट्रकमध्ये भरून दुसरीकडं नेता येत नाही. पुढं विद्यापीठाची सुमारे ६० हेक्टर जमीन विमानतळाला मिळाली, तरी खासगी जमिनीचा प्रश्न उरलाच.

इथंच मला थोडं थांबायचं आहे. विद्यापीठाजवळ कुलगुरू असतात, कार्यकारी परिषद असते, छापील कागद असतो. त्यांचा विरोध पत्रानं होतो आणि त्या पत्राला उत्तरही येतं. दोन एकरवाल्याजवळ यातलं काय असतं? त्याच्याजवळ सातबारा असतो. त्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. भूसंपादनाची नोंद तिथं येऊन बसली की त्या घराचं सगळं चक्र अडतं. बँक पीककर्जाला मागंपुढं पाहते. विहीर खोदावी तर पैसा बुडीत जायची भीती. पोरीच्या लग्नाला अर्धा एकर विकावा तर घेणारा सातबारा पाहूनच उठतो. भावाभावांच्या वाटण्या राहतात. आणि प्रकल्प? तो कधी निधीअभावी, कधी नकाशा बदलला म्हणून, कधी सरकार बदललं म्हणून तसाच पडून.

माझ्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. प्रकल्प दुसराच, गावाचं नावही सांगत नाही. अनेक वर्षं त्यांचं वावर असं टांगलेलं होतं. एकदा मी म्हटलं, 'दादा, तुमचा विरोध आहे का?' ते म्हणाले, 'इरोध कायचा रे बावा! घ्याचं तं घेऊन टाका, नाही तं सोडून द्या. बकरीच्या गयात दोर बांधून ठेवला, कापतही नाही अन् चरूही देत नाही.' बकरीचं हे उदाहरण माझ्यासारख्याला लगेच समजलं. दावणीला बांधलेल्या जनावरालाही वेळेवर चारा-पाणी द्यावं लागतं. तेवढंही या माणसाच्या वाट्याला आलं नव्हतं.

शहरातल्या आपल्याला वाटतं, हे लोक विकासाला आडवे येतात. महाराष्ट्रातले अनुभव जरा पाहा. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, योग्य मोबदल्यासाठी शेतकरी उठले, जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात गोळीबार झाला आणि पाच जण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. पुढं त्याच परिसरातल्या विमानतळासाठी दहा गावं उठली, तेव्हा साडेबावीस टक्क्यांपर्यंत बोलणी गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. म्हणजे आज ज्याला आपण आदर्श पुनर्वसन म्हणून दाखवतो, ते सरकारच्या मनात आपोआप उगवलेलं नव्हतं. आडव्या आलेल्यांनीच ते मिळवलं.

पुरंदरचंही तसंच. २०१६ साली विमानतळाची घोषणा झाली, सात गावं त्यात आली. अंजीर आणि सीताफळाचा तो मुलूख. मे २०२५ मध्ये ड्रोननं मोजणी करायला माणसं गेली, तेव्हा गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले. नंतर अनेकांनी संमतीपत्रं दिली, हेही सांगायला हवं. पण घोषणेपासून त्या दिवसापर्यंत नऊ वर्षं गेली होती. नऊ वर्षांत अंजिराची बाग लावून, वाढवून, फळं खाऊन होते. इतका काळ माणसांना 'लावू का नको' या प्रश्नावर बसवून ठेवायचं आणि मग लाठी घेऊन जायचं, ही कुठली रीत?

आपल्याकडच्या लोकांचा विश्वास का बसत नाही, याचं कारण शोधायला पुण्याला जायची गरज नाही. मोर्शीचे अप्पर वर्धा धरणग्रस्त आठवा. धरण झालं, पाणी अडलं, त्यांच्या मागण्या मात्र दशकानुदशकं राहिल्या. मोर्शीत महिनोन्‌महिने धरणं धरून झाल्यावर २९ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांनी मुंबईत मंत्रालयाच्या सुरक्षाजाळीवर उड्या घेतल्या. आत्महत्या रोखायला लावलेली ती जाळी, त्यांनी तिचं व्यासपीठ केलं. हे चित्र वऱ्हाडातल्या प्रत्येक गावानं टीव्हीवर पाहिलं आहे. उद्या तिथं कुणी अधिकारी नकाशा घेऊन गेला, तर त्याच्याआधी ते चित्र गावात पोचलेलं असणार.

आणखी एक माणूस आहे, तो ना मोर्च्यात दिसतो ना मोबदल्याच्या यादीत. मक्त्यानं वावर करणारा, बटईवाला, रोजंदारीची बाई, गावच्या बकऱ्या राखणारा. माझ्या समाजातली पुष्कळ घरं यातच मोडतात आणि इतर समाजांतलीही. त्यांच्या नावे सातबारा नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, तो या लोकांनाही बाधित कुटुंब मानतो. अट एवढीच की संपादनाच्या आधी तीन वर्षं त्यांचं पोट मुख्यतः त्या जमिनीवर चाललेलं असावं. कागदावर उत्तम. पण तोंडी मक्त्याचा पुरावा द्यायचा कुठून? मालक तर लिहून द्यायला घाबरतो, उद्या हाच हक्क सांगेल म्हणून. त्याच कायद्यात असंही आहे की ताबा घेऊन पाच वर्षं जमीन वापरलीच नाही, तर ती मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत द्यावी, नाहीतर सरकारच्या भूमी-बँकेत जावी. त्या 'नाहीतर'मधून किती एकर निसटतील, हे वकिलांना विचारा.

जपानसारख्या शिस्तीच्या देशातही हे घडलं. टोकियोजवळच्या नारिता विमानतळाची जागा १९६६ साली शेतकऱ्यांना न विचारता ठरली. संघर्ष इतका पेटला की मार्च १९७८ मध्ये आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यातली यंत्रं फोडली आणि उद्घाटन मे महिन्यावर गेलं. दुसरी धावपट्टी २००२ साली सुरू झाली, तीही ठरल्यापेक्षा आखूड, कारण मधली जमीन मिळाली नव्हती. १९९५ साली तिथल्या सरकारला शेतकऱ्यांची माफी मागावी लागली. सुरुवातीला गावात बसून चार दिवस बोलणं झालं असतं, तर इतकी वर्षं वाचली असती असं मला वाटतं.

अकोल्याचा विमानतळ मोठा व्हावा, ही माझीही इच्छा आहे. पण रेषा एकदाच आखा आणि शिवणीच्या भिंतीवर ती सगळ्यांना दिसेल अशी लावा. कुणाचे किती गुंठे जाणार, पैसा कोणत्या तारखेला मिळणार, मक्तेवाल्याचं नाव यादीत कुणी घालायचं, हे मोजणीच्या आधी मराठीत वाचून दाखवा. जी जमीन लागणार नाही, तिच्या सातबाऱ्यावरची नोंद त्याच महिन्यात काढा. आणि ग्रामसभा घ्याल ती मृगात घेऊ नका. पेरणीच्या दिवसांत आमचा माणूस गावात सापडत नाही, तो वावरात असतो.