मदतीची तारीख



वादळ येऊन गेलं की दुसऱ्या दिवसापासून आकडे सुरू होतात. इतक्या कोटींचं नुकसान, तितक्या कोटींची मदत. मला आज रकमेबद्दल नाही, तारखेबद्दल बोलायचं आहे. मदत किती जाहीर झाली याची चर्चा आपण महिनाभर करतो. ती हातात कधी पडली, हे कुणी विचारत नाही. पुढची काही मिनिटं मी हेच घोकणार आहे, तेव्हा जरा सहन करा.

वेस्ट इंडीज आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. जमैका वेगळा देश, बार्बाडोस वेगळा, ग्रेनाडा वेगळा. पंतप्रधान वेगळे, झेंडे वेगळे, संघ मात्र एकच. या बेटांनी एकत्र येऊन आणखी एक गोष्ट उभी केली आहे, आणि ती मला त्यांच्या क्रिकेटइतकीच मोलाची वाटते.

ती गोष्ट ग्रेनाडापासून सुरू होते. हा लाखभर वस्तीचा देश. जायफळ हे त्याचं मोठं पीक, इतकं की झेंड्यावरही जायफळ आहे. 7 सप्टेंबर 2004 रोजी ‘आयव्हन’ चक्रीवादळ या बेटावर आलं. दहातल्या सुमारे नऊ घरांचं नुकसान झालं. जायफळाच्या बागा आडव्या झाल्या. देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट नुकसान झालं. आता सरकारची अवस्था पाहा. दुकानं बंद, बंदर बंद, हॉटेलं बंद, म्हणजे कर येणं थांबलं. आणि त्याच आठवड्यात रस्ते मोकळे करा, पाणी द्या, वीज जोडा, कर्मचाऱ्यांचे पगार करा. परदेशांनी मदतीचे शब्द दिले, पण शब्द आणि धनादेश यांच्यात महिने जातात. तिजोरीत पैसा हवा होता तो त्या पंधरवड्यात.

हे बघून कॅरिबियन देशांचे नेते जागतिक बँकेकडे गेले आणि 2007 मध्ये सोळा सरकारांनी मिळून एक सामाईक विमा निधी सुरू केला. अनेक देशांनी मिळून असा निधी उभारण्याचा जगातला हा पहिलाच प्रयोग. सुरुवातीच्या भांडवलाला कॅनडा, ब्रिटन, युरोपीय संघ वगैरेंनी हातभार लावला, पण दरवर्षीचा हप्ता मुख्यतः ज्या त्या देशाचा.

आता हे समजायला आपली भिशी डोळ्यांसमोर आणा. दर महिन्याला प्रत्येकीनं ठरलेली रक्कम टाकायची आणि चिठ्ठी निघेल तिनं भिशी उचलायची. इथे चिठ्ठी वारा काढतो, आणि आपली चिठ्ठी निघू नये अशी प्रत्येकाची प्रार्थना असते, एवढाच फरक. भिशीत एक पथ्य असतं, बरं का. सगळ्या सभासदांची गरज एकाच दिवशी उभी राहिली तर भिशी बुडते. कॅरिबियन समुद्र मोठा आहे. एका हंगामात वादळ दोन-चार बेटांवर येतं, सगळ्यांवर येत नाही. म्हणून इतक्या जणांची भिशी चालते. आणि सगळ्यांवर आलंच तर? तर ही भिशी स्वतःच जगाच्या मोठ्या भिशीत सभासद आहे. त्याला पुनर्विमा म्हणतात. एकेका बेटानं त्या बाजारात एकट्यानं जायचं म्हटलं असतं, तर हप्त्याचा आकडा ऐकूनच परत फिरावं लागलं असतं.

पण माझा मुद्दा तारखेचा. हा निधी पैसे देतो चौदा दिवसांत. पुन्हा सांगतो, चौदा दिवसांत. कसे? पंचनामा नाही. वाऱ्याचा वेग किती, वादळ कुठून कसं गेलं, भूकंप किती तीव्रतेचा, ही अधिकृत नोंद घ्यायची, आधी ठरवलेल्या गणितात घालायची, उत्तर ठरलेल्या मर्यादेच्या वर आलं की पैसे सोडायचे. 12 जानेवारी 2010 ला हैतीत भयंकर भूकंप झाला. सरकारी इमारतीच कोसळल्या, पंचनामा कोण करणार? हैतीचा हप्ता होता साधारण 3 लाख 85 हजार डॉलर. त्याला मिळाले सुमारे 77 लाख 50 हजार डॉलर, वीसपट. नुकसान अब्जावधी डॉलरचं होतं, त्यापुढे ही रक्कम किरकोळच. पण ती वेळेत आली. भिशीच्या पैशातून कुणी बंगला बांधत नाही; नड भागते. ज्यांना बंगला हवा होता ते निराश होतात आणि भिशीलाच नावं ठेवतात, हे बरोबर नाही.

नावं ठेवायला जागा आहे, ती दुसरीकडे. 2007 मध्येच जमैकावर ‘डीन’ वादळ आलं, नुकसान झालं, पण गणितात बसलं नाही म्हणून दमडी मिळाली नाही. कोकणातल्या आंबा बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. हवामानावर आधारित फळपीक विम्यात पाऊस आपल्या बागेत पडून मोहोर झडलेला असतो, आणि महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर नोंदच नसते! पण कॅरिबियन देशांनी चिडून विमा सोडला नाही. त्यांनी गणित सुधारलं. अतिवृष्टीसाठी वेगळा विमा आणला. जमैकानं तर एकाच्या जोडीला दुसरी सोय केली, आपत्ती रोख्यांची, म्हणजे वादळानं ठरलेली अट पुरी केली की सरकारला पैसे देणाऱ्या रोख्यांची. 2024 मध्ये ‘बेरिल’ वादळात त्या 15 कोटी डॉलरच्या रोख्यांची अट पुरी झाली नाही, बरीच टीका झाली. पण बेटांच्या सामाईक निधीतून तेव्हाही पैसे आले. ऑक्टोबर 2025 मध्ये ‘मेलिसा’ धडकलं तेव्हा रोख्यांचे पूर्ण 15 कोटी मिळाले आणि सामाईक निधीतून 7 कोटींहून जास्त डॉलर वेगळे. एका ताटावर अवलंबून राहायचं नाही, हे त्यांनी शिकून घेतलं.

ग्रेनाडानं कर्जाच्या करारातच एक कलम घालून घेतलं आहे, मोठं वादळ आलं तर कर्जाचे हप्ते पुढे ढकलायचे, आणि ‘बेरिल’नंतर ते वापरलंही. हे कलम फार विचार करण्यासारखं आहे. पण घड्याळ माझ्याकडे बघतं आहे, ते पुन्हा कधीतरी.

पैशाबरोबर माणसंही लागतात. या देशांची आपत्ती निवारणाची सामाईक संस्था बार्बाडोसमध्ये आहे, 1991 पासून. ज्या बेटावर वादळ नाही, त्यानं ज्यावर आहे त्याच्या मदतीला जायचं, हे आधीच ठरलेलं असतं.

आता आपल्याकडे वळू. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा गेल्या. पोफळ पुन्हा धरायला वर्षं लागतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी आपल्याकडे आहे, तो हवाच. पण पंचनामा, यादी, मंजुरी, खातं, या वाटेनं पैसा शेवटच्या घरी पोचेपर्यंत किती दिवस जातात, ते त्या बागायतदाराला विचारा. नागालँडनं राज्याच्या पातळीवर नोंदीवर चालणारा विमा घेतला आहे. एवढंसं राज्य घेतं, मग आपण का नाही? आणि एकट्यानंच का? कोकणात वादळ येतं, ओडिशातही येतं. आसामात पूर येतो, ईशान्येत जमीन हलते. संकटं वेगळी, महिने वेगळे. भिशीला याहून चांगले सभासद कुठे मिळणार?

“पाच वर्षं काही झालं नाही, हप्ता फुकट गेला,” हे वाक्य तेवढं आपण सोडून द्यायला हवं. काही झालं नाही, याचा आनंद माना आणि सहाव्या वर्षाचा हप्ता भरा. राज्यानं भरावा आणि आपण भरू द्यावा. कारण अशा खर्चावर टीका करणारेही आपणच असतो.

वेळ संपली. जाता जाता तेच सांगतो, जे सुरुवातीला सांगितलं. पुढच्या वेळी कुणी मदत जाहीर केली, मंत्री असोत, आमदार असोत की अधिकारी, तर किती कोटी हे विचारण्याआधी विचारा, कोणत्या तारखेला? आणि ती तारीख लिहून ठेवा.