संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण आणि आपली घरे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी प्रमुख पाहुण्या म्हणून केलेले भाषण)



माझा परिचय करून देताना चिटणीसांनी माझ्या पदव्यांची यादी वाचून दाखविली. त्या यादीत एक नोंद राहून गेली आहे. ती त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण आजवर मी ती कोणास सांगितलेली नाही. १९९१ साली याच मंडळाने मला बी. ई. च्या परीक्षेतील यशाबद्दल रौप्यपदक दिले आणि एम्. टेक्. च्या शिक्षणासाठी अडीच हजार रुपयांची कर्जाऊ शिष्यवृत्ती दिली. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांत मी एका विषयात शंभरपैकी एकोणीस गुण मिळविले. राहून गेलेली नोंद ती हीच. आज मला जे सांगावयाचे आहे ते त्या एकोणीस गुणांविषयी आहे.

आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुले-मुली सांप्रत संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळत आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ती दोन वर्षे मूल नेमके काय शिकते, हे घरातील मंडळींस बहुधा ठाऊक नसते. शुल्क किती, नोकरी कोठे लागेल आणि पगार किती मिळेल, एवढ्यावरच आपली चौकशी थांबते. म्हणून प्रथम त्या अभ्यासाचे स्वरूप यथाशक्ति स्पष्ट करते.

आपल्या मंडळाची कुटुंबसूची आपणा सर्वांच्या घरी आहे. समजा, तीत आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने एक हजार नावे आहेत आणि त्यांतील एक आपणांस शोधावयाचे आहे. पहिल्या पानापासून एकेक नाव वाचीत गेल्यास हजार नावे वाचण्याची पाळी येऊ शकते. पण शहाणा मनुष्य सूची मध्यावर उघडतो. हवे असलेले नाव त्याच्या आधी आहे की नंतर, एवढे पाहतो, आणि निम्मी सूची सोडून देतो. उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य काढतो. या रीतीने हजार नावांत फार तर दहा वेळा पाहावे लागते. नावे दहा लक्ष झाली तरी वीस वेळा पाहणे पुरते. कार्य करण्याच्या अशा नेमक्या रीतीस आमच्या शास्त्रात ‘अल्गोरिदम’ म्हणतात.

ही रीत यंत्राकडून करवून घेणे पदवीच्या वर्गातच शिकवितात, आणि तीत मी प्रवीण होते. एम्. टेक्. च्या पहिल्या चाचणीत मात्र प्रश्न निराळा आला. दहाऐवजी नऊ वेळा पाहून काम भागेल अशी एखादी चतुर रीत जगात कोणी शोधू शकेल काय, आणि शकत नसेल तर ते सिद्ध करा, असा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर आज मी दोन वाक्यांत देऊ शकते. दर खेपेस आपणांस ‘हेच’, ‘आधी’ किंवा ‘नंतर’ यांपैकी एकच उत्तर मिळते. त्यामुळे कोणतीही रीत घेतली तरी नऊ खेपांत अधिकांत अधिक ५११ नावांचाच निवाडा होतो, आणि आपली नावे तर हजार आहेत. पण त्या दिवशी मी कोरी उत्तरपत्रिका पुढे घेऊन बसले होते. काम कसे करावे हे मला येत होते. ते याहून चांगले का होऊ शकत नाही, हा विचार मी जन्मात केला नव्हता.

बंधुभगिनींनो, पदवी आणि पदव्युत्तर अभ्यास यांतील अंतर ते हेच. पहिल्या वर्षी अल्गोरिदम, यंत्राची रचना, त्याची कार्यप्रणाली, गणनसिद्धांत अशा विषयांत मुलाचा पाया उकरून पाहिला जातो. पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या वर्षी एक प्रबंध लिहावा लागतो, आणि त्या प्रबंधातील प्रश्नाचे उत्तर कोणत्याच पुस्तकात दिलेले नसते. जे मूल आजवर प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देत आले, त्यास ‘मला हे येत नाही’ असे म्हणण्याची पाळी येथे प्रथमच येते. ज्याची सवय पहिल्या क्रमांकाची, त्याला ही पाळी अधिक जड जाते.

माझी कथा पुरी करते. ते एकोणीस गुण मी कोणास सांगितले नाहीत. दिवाळीस घरी आले ती पुन्हा न जाण्याच्या निश्चयाने. माझे वडील मुळजी जेठा मार्केटातील एका पेढीवर दिवाणजी होते. संगणक त्यांनी पाहिलेला नव्हता. लक्ष्मीपूजन आटोपल्यावर मी त्यांना सर्व सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पोरी, जमाखर्च चार आण्यांनी जुळला नाही, तर आम्ही खिशातले चार आणे घालून तो जुळवीत नाही, आणि वहीही फाडीत नाही. चूक कोणत्या पानावर आहे ते शोधतो. मग दोन रात्री लागोत. तू जा आणि पान शोध. नाहीच सापडले तर परत ये. दार काही बंद होत नाही.”

मी परत गेले. त्या वर्षी तो विषय माझ्याने सुटला नाही. पुढील वर्षी पुन्हा बसून दुसऱ्या खेपेस मी उत्तीर्ण झाले. आज गेली कित्येक वर्षे मी तोच विषय शिकवीत आहे. पण वडिलांच्या बोलण्यातील शेवटचे वाक्य नसते, तर मी बहुधा परत गेलेच नसते. परत येण्याची मुभा आहे हे ठाऊक होते म्हणूनच मला परत जाता आले.

दुसरी एक हकीकत सांगते. ती सुखाची नाही. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने राहते घर तारण ठेवून मुलास अमेरिकेस एम्. एस्. साठी धाडले. तेथील बहुतेक विद्यापीठांत पदवी मिळण्यास सरासरी ‘बी’ श्रेणी राखावी लागते. मुलगा हुशार होता. परंतु पहिल्या सत्रात दोन विषयांत घसरला. आठ महिने त्याने घरी काही कळविले नाही. दर रविवारी दूरध्वनीवर तो ‘सर्व ठीक आहे’ म्हणे, आणि इकडे आई शेजाऱ्यांना त्याचा भावी पगार सांगे. अखेर विद्यापीठाचे नाव सुटले तेव्हा विद्यार्थी म्हणून तेथे राहण्याचा परवानाही सुटला. तो सुखरूप परत आला, ही ईश्वराची कृपा. नंतर मी त्याला विचारले, “बाबा रे, आधी का नाही सांगितलेस?” तो म्हणाला, “मावशी, घर गहाण होते. काय तोंडाने सांगणार?”

त्या मुलाची चूक होती, हे मी नाकारीत नाही. पण सत्य सांगणे त्याला अशक्य व्हावे एवढे ओझे आपण त्याच्या खांद्यावर ठेवले, याचा विचार आपण वडीलधाऱ्यांनी करावयास नको काय?

परदेशी जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. मुंबईच्या आय्. आय्. टी. चे पदवीधर नरेंद्र करमरकर यांनी पुढील शिक्षण अमेरिकेत घेतले, आणि १९८४ साली तेथील बेल प्रयोगशाळेत रेषीय नियोजनाची जी रीत शोधली ती आज त्यांच्याच नावाने जगभर शिकविली जाते. परंतु विद्या केवळ परदेशीच मिळते हा समज मात्र सोडावा. अमेरिकेतील पहिला संगणकशास्त्र विभाग पर्ड्यू विद्यापीठात १९६२ साली निघाला. त्याच्या दोन वर्षे आधी, १९६० साली, आपल्या मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी ‘टिफ्रॅक’ हा संगणक उभारून चालविला होता. २००२ साली कानपूरच्या आय्. आय्. टी. तील मणीन्द्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी, एखादी संख्या मूळसंख्या आहे किंवा नाही हे वेगाने व निश्चितपणे ओळखण्याची रीत दिली. विद्वानांपुढे दीर्घकाळ पडलेला तो प्रश्न आपल्याच देशातील एका विभागात सुटला.

स्वदेशातील मार्गही आपण नीट जाणून घ्यावेत. एम्. टेक्. साठी ‘गेट’ ही परीक्षा बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि सात आय्. आय्. टी. मिळून घेतात. ती तीन तासांची, शंभर गुणांची असते, आणि तिचा गुणांक तीन वर्षे ग्राह्य धरतात. २०२४ पासून संगणकशास्त्राच्या जोडीस विदाशास्त्र व कृत्रिम बुद्धिमत्ता यांची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आहे. या मार्गाने प्रवेश मिळविलेल्या विद्यार्थ्यांस शासकीय विद्यावेतन मिळू शकते. म्हणजे घर गहाण न ठेवता शिकता येते. ज्यांची पदवी अभियांत्रिकीची नाही, त्यांच्यासाठी एम्. एस्सी. आणि एम्. सी. ए. हे मार्ग आहेत. एम्. सी. ए. चा अभ्यासक्रम पूर्वी तीन वर्षांचा होता. २०२० पासून तो दोन वर्षांचा झाला आहे. नोकरी सोडणे शक्य नसेल, तर आय्. आय्. टी. व विज्ञान संस्थेतील अध्यापकांची व्याख्याने ‘एन्. पी. टी. ई. एल्.’ या उपक्रमामुळे घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेने तर २०१४ पासून संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी दूरस्थ पद्धतीने, दहा हजार डॉलरांच्या आतील शुल्कात, देण्यास आरंभ केला.

परदेशी पाठवावयाचेच असेल, तर कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. पहिला प्रश्न असा, की या शास्त्रातील कोणता विषय मुलास खरोखर आवडतो? उत्तर केवळ ‘स्कोप आहे’ एवढेच आले तर वर्षभर थांबावे. दुसरा, तिकडे नोकरी लागलीच नाही, तर येथील पगारातून हे कर्ज किती वर्षांत फिटेल? परदेशी नियमांवर हिशेब बेतू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत एच्-१बी परवान्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर आकारण्याचा आदेश एकाएकी निघाला, तेव्हा किती घरांत त्या रात्री झोप लागली नसेल! तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पहिले सत्र वाईट गेले, तर मूल ते प्रथम कोणास सांगणार? त्या व्यक्तीचे नाव आधीच ठरवावे. ती आई असो, काका असोत, की आत्या असो.

आता यंत्रच प्रोग्राम लिहू लागले असता हे शिकावेच कशाला, असे काही पालक विचारतात. यंत्र लिहिते हे खरे आहे. पण लिहिलेले बरोबर आहे काय, आणि याहून चांगले शक्य आहे काय, हे पारखण्यास पाया पक्का लागतो. माझ्या कोऱ्या उत्तरपत्रिकेतील प्रश्न तोच होता. पारख करणाऱ्याची गरज त्यामुळे वाढलीच आहे, असे माझे मत आहे.

शेवटी मंडळास दोन नम्र सूचना करते. कर्जाऊ शिष्यवृत्ती देताना परदेशी जाणाऱ्याइतकाच स्वदेशात शिकणाऱ्याचा, आणि मुलाइतकाच मुलीचा, विचार व्हावा. १९९१ साली मंडळाने माझ्याबाबतीत तो केला होता, म्हणून मी आज येथे उभी आहे. दुसरी सूचना अशी, की शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागलेल्या मुलांसाठी एक लहानसा निधी असावा. त्यातून परतीचे भाडे निघावे, कर्जाचे पहिले काही हप्ते भागावेत, आणि त्या मुलाने नव्याने आरंभ करावा. या निधीचा लाभ घेणाऱ्याचे नाव स्मरणिकेत छापू नये. माझी वर्गणी मी आजच कोषाध्यक्षांकडे देत आहे. तिचा आकडाही कृपया जाहीर करू नये.

ज्यांना आज पदके मिळाली त्यांचे मी मनापासून अभिनंदन करते. ज्यांना मिळाली नाहीत, किंवा जी मुले आज येथे यावयासच लाजली, त्यांच्या घरच्यांना माझी एवढीच विनंती आहे, की आज रात्री जेवताना त्यांच्या गुणांविषयी काही विचारू नका; ती काय शिकत आहेत ते विचारा. हवे तर कुटुंबसूची काढा, मध्यावर उघडा, आणि हजार नावांतील एक नाव दहा खेपांत कसे सापडते ते त्यांच्याकडून समजावून घ्या.